काजळराजाचा काजवा

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. चिमुरडीने रस्त्यावर सिनेमाचं पोस्टर पाहिलं आणि तेव्हापासून ‘मावशीचा सिनेमा, मावशीचा सिनेमा’ असा धोशा लावला आहे, हे वाचून हसू आलं. सहा वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखा आहे का, त्यातल्या दुष्ट राजाला ती घाबरेल का, असं तू विचारलंस. फोन केला असतास तर मी ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच म्हणाले असते. फोनवर मी तितकीच असते, तुला ठाऊक आहे. कागदावर मला जरा धीर येतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. तिला घेऊन जाण्याआधी ते शेवटपर्यंत वाच, मधेच टाकून देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझ्या पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ आहे. मागच्या खेपेला मी आईच्या आजाराबद्दल कळवलं होतं. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, आठवड्यांत बोलतात, हेही लिहिलं होतं. त्यावर तुझी ती ओळ: ‘जिने मला धरून दिलं तिच्या उशाशी मी येणार नाही.’ खाली रेघ ओढली आहेस, इतकी जोरात की मागच्या पानावर वळ उमटला आहे. त्या ओळीचं उत्तरही ह्याच पत्रात आहे. मात्र तिथवर पोहोचायला मला सिनेमाच्या वाटेनेच जावं लागेल. सरळ जाण्याइतकी मी धीट कधीच नव्हते.

माझं काम काय असतं हे मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. परभाषेतले सिनेमे आम्ही मराठीत बोलते करतो. एका टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. भिंतींना गादीसारखं जाड कापड ठोकलेलं, खिडकी एकही नाही, मधे एक मोठी काच. काचेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे माइक आणि नट. पडद्यावरच्या पात्राचे ओठ जितका वेळ हलतात तितकाच वेळ आमचं वाक्य चाललं पाहिजे, आणि जिथे ते मिटतात तिथे मिटल्या ओठांचं अक्षर पडलं पाहिजे. नुसता अर्थ बरोबर असून भागत नाही, वाक्य तोंडावर बसावं लागतं. शाळेत मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीने ह्या धंद्यात पहिलं वर्षभर रोज बोलणी खाल्ली. आमच्या डबिंग दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. माझा कागद डोळ्यांजवळ धरून ते म्हणायचे, ‘अगं, हा ससा आहे ससा. तुझा ससा निबंध वाचतोय.’ तरीही मी टिकले, कारण माझ्यापाशी शब्द होते. टेबलावर अजून तोच जाडजूड शब्दकोश आहे, बाबांनी दिलेला. पहिला नंबर आला म्हणून दिला, असं तुला सांगितलं गेलं होतं. त्या शब्दकोशाकडेही मला पुन्हा यायचं आहे.

आता सिनेमा. त्यातल्या देशात प्रत्येक माणूस जन्मतानाच तळहातावर एक इवलीशी ज्योत घेऊन येतो. ती तेवते आहे तोवर त्याला आपलं घर, आपली माणसं, आपलं नाव आठवतं. विझली, की तो राखेच्या रंगाचा होऊन उभा राहतो आणि सांगेल ते काम करतो. काजळीच्या मनोऱ्यात राहून त्या देशावर राज्य करणाऱ्याला मूळ भाषेत काळ्या स्वामीसारखं काहीतरी नाव होतं. मी त्याला ‘काजळराजा’ म्हटलं आणि मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. एक दिवे लावणाऱ्याची मुलगी आपली ज्योत ओंजळीत झाकून डोंगरापलीकडे पळते, तो तिचा माग काढतो, एवढीच गोष्ट. त्यात उडणारे मासे आहेत, वाटसरूंशी हुज्जत घालणारा एक पूल आहे, आणि एक बहिरं अस्वल आहे, जे चिमुरडीला खूप हसवेल. पण काजळराजाची तऱ्हा अशी, की तो स्वतः एकही ज्योत विझवत नाही. त्याच्या हातात तलवार नाही, चाबूक नाही. तो समोर बसतो, मंद हसतो, आणि ज्याची ज्योत असेल त्यालाच ती फुंकायला लावतो. अख्ख्या सिनेमात त्याच्या बोटाला काजळी लागलेली दिसत नाही.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला भरपूर गर्जना करायला लावल्या. ‘नीच मुली’, ‘भस्म करीन’, असलं सगळं. मास्तरांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. ‘हा राजा आहे की लिलाव पुकारणारा? ओरडणाऱ्याला कोण घाबरतं गं? ज्याला तू खरोखर घाबरलीस असा एखादा माणूस आठव आणि त्याला लिही. नसेलच आठवत, तर नशीबवान आहेस, मी दुसरा लेखक बघतो.’ ताई, मी घरी आले आणि दोन दिवसांत काजळराजा पुरा केला. शब्दकोश उघडावासुद्धा लागला नाही. बाबा रागावले की आपल्याला ‘आपण’ म्हणायचे, आठवतं? एरवी ‘अगं पोरी’, आणि राग आला की ‘आपण जरा बसता का?’ त्यांचा आवाज कधी चढल्याचं शेजारच्यांनी ऐकलं नसेल. म्हणून तर सगळे म्हणायचे, काय शांत माणूस आहे, मुलींवर हात उचलत नाही. काजळराजाही आता ज्योत विझवण्याआधी समोरच्याला ‘आपण’ म्हणतो. ‘घाई नाही. सावकाश. आपल्याच हातांनी होऊ द्या.’ हे वाक्य त्याच्या ओठांवर असं बसलं आहे, की कुणाला वाटावं चित्रकाराने ते ऐकूनच ओठ काढले.

ते वाक्य कुठलं आहे हे तुला सांगायला नको. तुझी चित्रं जेवणाच्या टेबलावर रचून ठेवलेली होती. चित्रकलेच्या शाळेची परीक्षा त्याच दिवशी दहा वाजता होती, आणि बाबांनी तुला बस स्थानकावरून नऊच्या आत परत घरात आणलं होतं, अंगात तोच प्रवासाचा कोट, खांद्याला तीच निळी पिशवी. बाबांनी तुला कुठे ओढलं नाही, ढकललं नाही. खुर्ची मागे सरकवून दिली. ‘आपणच ठरवा, कुठून सुरुवात करायची.’ तू फाडायला सुरुवात आजोबांच्या चित्राने केलीस. मग खिडकीतल्या मांजराचं. मग मी पुस्तक वाचते आहे ते, ज्याच्याखाली तू माझं नाव ‘वाळवी’ लिहिलं होतंस. मला वाटलं होतं तू ते तरी ठेवशील, पण तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तुकडे टाकायची टोपली मला धरायला सांगितली होती. ती किती जड होत गेली ते मला अजून मनगटात आठवतं. मधेच तू थांबलीस आणि एकच विचारलंस, ‘कुणी सांगितलं?’ बाबा म्हणाले, ‘आपल्या आईनेच. आईचं काळीज असतं ते, तिला दोष देऊ नका.’ तू आईकडे पाहिलंस. आई ओट्याला टेकून उभी होती, हातात ओलं फडकं. तिने खाली मान घातली. तू पुढचं चित्र उचललंस.

त्यानंतरची चार वर्षं तू त्याच घरात राहिलीस आणि तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. मीठ हवं असलं तरी मला सांगायचीस, ‘मीठ दे म्हणावं.’ आई समोरच बसलेली असायची. मी म्हणायचे, ‘आई, मीठ.’ ती माझ्याकडे सरकवायची, मी तुझ्याकडे. मग तू लग्न करून निघून गेलीस, आणि गेली नऊ वर्षं मी तीच आहे, दोघींच्या मधली मीठ सरकवणारी. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, ते मला समजलं. आईलाही समजलं. ती म्हणाली, ‘बरं केलं तिने.’

असो. आमच्याकडे अशी पद्धत आहे, की नट यायच्या आधी लेखकाने सगळे संवाद स्वतःच्या आवाजात एकदा बोलून ठेवायचे, म्हणजे नटाला लांबी कळते, कुठे श्वास घ्यायचा ते कळतं. एरवी मी हे इतकं पुटपुटत करते की ध्वनिमुद्रक काचेवर टकटक करून म्हणतो, ‘बाई, माइकला ऐकू जाऊ द्या, तो काही परका नाही.’ त्या दिवशी मी काजळराजाचे संवाद म्हटले आणि टकटक झाली नाही. काजळराजाचं काम करणारे नट त्या दिवशी ऐकायला आले होते. ते प्रत्यक्षात अगदी गरीब स्वभावाचे आहेत. कोमट पाण्याची बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून आणतात आणि पालीला घाबरतात, म्हणून त्यांच्याआधी कुणीतरी खोलीत जाऊन बघून यावं लागतं. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘बेटा, रागावू नकोस. हा माणूस तू पाहिलेला आहेस ना?’ मी मान हलवली. ते म्हणाले, ‘मग मी नुसती तुझी नक्कल करीन. माझ्याच्याने ह्यापुढे काही होणार नाही.’ खरं सांगू? बोलताना मला भीती वाटली नव्हती. मला ते आवडलं होतं. कुणीतरी समोर थरथरतंय आणि आपला आवाज मऊ आहे, ह्यात काय सुख असतं ते मला त्या खोलीत कळलं, आणि मी घरी येऊन तीनदा तोंड धुतलं.

आता काजव्याबद्दल. ज्योत घेऊन पळणाऱ्या त्या मुलीच्या खांद्यावर एक लहानसा काजवा असतो. तिचा सोबती. तिने त्याला सगळं सांगितलेलं असतं, कुठे लपणार, कुठल्या वाटेने जाणार. मनोऱ्यातले पहारेकरी एकदा काजव्याला पकडून नेतात, आणि काजळराजा त्याला धमकावत नाही, पिंजऱ्यात घालत नाही, तळहातावर बसवतो आणि म्हणतो, ‘ह्या देशात सगळे माझ्याशी खोटं बोलतात. आपण तेवढे खोटं बोलत नाही. बोलता का?’ आणि काजवा सांगतो. एकच वाक्य. अख्ख्या सिनेमात काजव्याला ते एकच वाक्य आहे, दोन सेकंदांचं, बाकी तो नुसता लुकलुकतो. ताई, काजळराजाची सगळी वाक्यं मी दोन दिवसांत लिहिली, आणि ह्या दोन सेकंदांशी अकरा दिवस बसले. मूळ वाक्याचा साधा अर्थ होता, ती डोंगराच्या मागच्या तोंडातून बाहेर पडली. पहिलीतलं पोरही त्याचं मराठी करील. मी रोज ती ओळ शेवटी करायची म्हणून बाजूला ठेवायचे आणि रोज विसरायचे. मग खरोखरच विसरले. पक्क्या प्रती निघाल्या, सगळ्यांच्या हातात गेल्या, आणि काजव्यासमोर जागा कोरीच राहिली.

काजव्याचं काम आमच्या ‘बालआजी’ करणार होत्या. लहान पोरांचे आवाज देणाऱ्या, साठी उलटलेल्या, गुडघे दुखतात म्हणून उंच स्टुलावर बसून बोलणाऱ्या. मास्तर म्हणतात, तीस वर्षं झाली, ह्या बाई सात वर्षांच्या पुढे जायलाच तयार नाहीत. त्यांनी चष्मा लावला, हेडफोन सारखा केला, बोलायला सुरुवात करण्याच्या खुणेचे तीन टोले पडले, पडद्यावर काजव्याने तोंड उघडलं, आणि खोलीत काहीच झालं नाही. इवलंसं तोंड हललं आणि मिटलं. मास्तर म्हणाले, ‘आजी, झोप लागली का?’ बालआजी म्हणाल्या, ‘मला कशाला बोलतोस मेल्या, कागद बघ. माझ्यापुढे पांढरं आहे.’ मग सगळ्यांनी आपापले कागद पाहिले आणि सगळे माझ्याकडे वळले. मास्तर रागावले नाहीत, त्यांना गंमतच वाटली. ‘आमच्या हुशार मुलीची एक ओळ राहिली, दिवाळं निघालं म्हणायचं. अगं, तोंड हलतंय त्याचं. शब्द कुठे आहेत? सांग आत्ताच्या आत्ता, काय म्हणतो तो?’ चित्र पुन्हा फिरवलं. तोंड उघडलं. आणि मी, इतक्या लोकांसमोर, जिथे मला पाणी मागायलासुद्धा लाज वाटते, स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘ती मागच्या दाराने गेली.’

ओठांवर ते तंतोतंत बसलं. ‘मागच्या’ला तोंड मिटत होतं, ‘गेली’ला उघडं राहत होतं. मास्तरांनी टाळी दिली. ‘फिट्ट! डोंगराला दार असतं का, असा वाद आता घालायचा नाही, फिट्ट आहे.’ बालआजींनी मात्र हात वर केला. ‘थांब रे. पोरी, हा कसा बोलतो ते सांग. लबाडासारखा? की घाबरून?’ मी म्हणाले, ‘घाबरून नाही. पहिल्या बाकावरची मुलगी उत्तर देते तसं. आपल्याला येतंय, आणि आता शाबासकी मिळणार, अशा आवाजात.’ बालआजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी तसंच म्हटलं. एकाच खेपेत. ध्वनिमुद्रकाने यंत्र थांबवलं आणि खोलीत कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं.

त्या दुपारी घरी आले तेव्हा आई जागी होती. आता ती बहुतेक पडूनच असते, पण जागेपणी तिला गोष्ट लागते. तिला मी सिनेमा तुकड्यातुकड्याने सांगत आले होते. काजळराजाची वाक्यं वाचली तेव्हा डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘त्यांना बरं धरलंस गं,’ आणि चक्क हसली, खोकला येईपर्यंत. त्या दिवशी तिने विचारलं, ‘काजव्याचं पुढे काय होतं?’ मी म्हटलं, काही नाही. तो पुन्हा दिसत नाही. बहुधा सिनेमावाले त्याला विसरले. आईने पांघरूण नीट ओढून घेतलं. मग म्हणाली, ‘लहान होता गं तो. त्याच्यावर कशाला कुणी राग धरावा.’ मी पाण्याचा पेला भरायला उठले, आणि स्वयंपाकघरात मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. तेच दार. रंग गेलाय, कडी तीच आहे.

त्या दाराबद्दल तू मला एकदा सांगितलं होतंस. ते दार उघडताना सगळ्या घराला कळेल इतकं करकरायचं, आणि त्या पहाटे तू श्वास रोखून ते ओढलंस तर ते गप्प उघडलं. तुला वाटलं, एकदा तरी नशिबाने साथ दिली. ताई, आदल्या संध्याकाळी आईने बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. मी पाहिलं होतं. शिवणयंत्राच्या तेलाची बुधली तिने पदराआड लपवली आणि मला म्हणाली, ‘काय बघतेस, अभ्यास कर.’ तिला सगळं ठाऊक होतं. तुझ्या निळ्या पिशवीत घडी घातलेला रुमाल आणि कोरी पेन्सिल निघाली, तीही तू ठेवलेली नव्हतीस ना? सकाळी बाबांनी विचारलं, थोरली कुठे आहे, तर ती चहाच्या गाळणीवरून नजर न काढता म्हणाली, ‘मैत्रिणीकडे गेलीय अभ्यासाला.’ तिचा हात हलला नाही. बाबांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची दुसरीकडे वळवली.

माझ्याकडे. मी बारा वर्षांची होते, वेण्या घालून, दप्तर भरून तयार. तू जाताना मला हलवून उठवलंस, ‘मागच्या दाराने जातेय, कुणाला सांगू नकोस’ म्हणालीस, माझ्या कपाळाला तुझं थंड नाक लागलं होतं. बाबा म्हणाले, ‘आपण तर खोटं बोलत नाही. बोलता का?’ आणि मी म्हणाले, ‘ती मागच्या दाराने गेली.’ ती गल्ली बस स्थानकाशिवाय कुठेच जात नाही. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. मला उत्तर येत होतं, म्हणून मी दिलं. आठवड्याने शब्दकोश आला. पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘खरं बोलणाऱ्या मुलीस.’ तुला कधी ते पान दाखवलं नाही. आईने त्या दिवशी मान खाली घातली ती माझ्यासाठी, आणि तेरा वर्षं तशीच ठेवली. गेल्या आठवड्यात मी तिच्या पायांशी बसून विचारलं, का बोलली नाहीस. ती म्हणाली, ‘तिचा राग मला पेलला असता. तुला पेलला नसता. आणि तुम्ही दोघी तरी एकमेकींशी बोलत राहायला हव्या होतात.’ तेव्हा तुझ्या त्या रेघ ओढलेल्या ओळीचं उत्तर हे आहे: जिने तुला धरून दिलं ती ह्या पत्राच्या खाली सही करते आहे, तिच्या उशाशी तू कधीच येऊ नकोस, ते मी समजू शकते. पण आईच्या उशाशी ये. सिनेमाचं विचारलंस, तर चिमुरडी घाबरणार नाही, शेवटी ती मुलगी काजळराजाला म्हणते, ‘तूच फुंक,’ आणि त्याच्या छातीत काजळीवाचून श्वासच नसल्याने त्याला फुंकता येत नाही, तेव्हा सगळी पोरं टाळ्या वाजवतात. घाबरशील तू. म्हणून आधी इकडे ये, मग सिनेमा. आई सकाळी नऊ ते अकरा चांगली शुद्धीत असते. मी नऊला कामावर निघते, शेजारच्या मावशी येऊन बसतात; माझं तोंड पाहायचं नसेल तर पाहावं लागणार नाही. काल मी बिजागऱ्यांना तेल घातलं आहे आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली आहे. तिथूनच ये. ह्या वेळी मी कुणाला सांगणार नाही.

तू ठेवलेल्या नावाने, अजून तुझीच,
वाळवी